वाळूचा कालवा

कालवा म्हटला कीं आपल्या दख्खनच्या माणसाच्या डोळ्यांपुढें ऊंस उभा राहतो. नीरेचा कालवा घ्या किंवा मुठेचा घ्या, त्याचें पाणी शेतांत जावयाचें आणि पाण्यावरचें भांडण कोर्टांत जावयाचें. कालव्यांतून माल जातो, कांठानें घोडा चालतो आणि त्याच्या मागें दोरानें बांधलेली होडी निमूटपणें येते, हें दृश्य आपल्या मुलखांत कोणी पाहिलेलें नाहीं. म्हणून इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, ब्यूड नांवाच्या लहानशा बंदरीं जो कालवा मीं पाहिला त्याची हकीकत सांगण्याजोगी वाटते. तोही शेतीसाठींच खणला होता. परंतु शेतांना त्यानें पाणी दिलें नाहीं. त्यानें वाळू दिली.

२०२४ च्या मे महिन्यांत आम्ही उभयतां त्या प्रांतांत हिंडत होतों. वाहन म्हणजे भाड्याची कॅम्परव्हॅन. मोटारीच्याच पोटांत बिछाना, चूल आणि पाण्याची टांकी. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्याची ही हौस इंग्रजांत नवी नव्हे. आरमारांत वैद्य असलेला आणि पुढें मुलांच्या गोष्टी लिहून नांवारूपास आलेला गॉर्डन स्टेबल्स यानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांची गाडी करवून घेतली आणि तींत बिऱ्हाड थाटून तो पार इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्याच्या दिमतीस नोकर होते. आमच्याकडे सारथ्य माझें आणि नकाशा सौभाग्यवतींच्या हातीं. त्यामुळें वाट चुकल्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न रोज निकालांत निघत असे.

त्या दिवशीं गाडी विडमथच्या पुळणीजवळ ठेवून आम्ही पायीं निघालों. बेत असा कीं, शेतांतून हेलब्रिजला जावें, तेथून कालव्याच्या कांठानें ब्यूडला उतरावें आणि समुद्रकड्यावरून परत यावें. सगळें मिळून सहा-सात मैल. हेलब्रिज हा जुना धक्का. येथपर्यंत कालवा रुंद आहे व त्यांत मोठ्या होड्या येत. येथून पुढें डोंगर लागतो, आणि इतिहासाची खरी मौजही येथेंच लागते.

ब्यूडच्या पुळणीवरील वाळू म्हणजे बहुतांशीं शिंपल्यांचा चुरा. तींत चुना भरपूर. आंतल्या बाजूची जमीन मात्र चिकण, थंड आणि आंबट. तिला चुना घातल्याखेरीज पीक धरत नसे. आपल्या कोंकणांत सुकविलेल्या माशांचें खत माडाला घालतात, तसे तेथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या समुद्राची वाळू गाढवा-तट्टांच्या पाठीवर लादून नेत. पण तट्टू नेणार किती आणि किती लांब? १७७४ सालींच पार्लमेंटनें एका कालव्यास मंजुरी दिली होती. तो कागदावर राहिला. पुढें १८१९ सालीं नवा कायदा झाला आणि जेम्स ग्रीन या एंजिनियरानें १८२३ सालीं कालवा पुरा केला. फांट्यांसह लांबी सुमारें ३५ मैल.

अडचण उंचीची होती. समुद्रापासून अवघ्या सहा मैलांत पाणी साडेतीनशें फूट वर न्यावयाचें. नेहमींची युक्ति म्हणजे लॉक: दोन्ही टोंकांस दारें असलेला हौद भरून होडी पायरी-पायरीनें उचलणें. परंतु इतक्या पायऱ्यांना पाणी आणि पैसा दोन्ही पुरले नसते. ग्रीननें पायऱ्यांच्या जागीं उतरण केली. डोंगराच्या अंगावर रूळ टाकले, वीस फूट लांबीच्या, चार टन माल मावेल अशा पेटीसारख्या होड्या केल्या, आणि त्या होड्यांना चाकें लावलीं! पाण्यांत होडी ती होडी. उतरणीच्या पायथ्याशीं आली कीं तिची गाडी झाली. सांखळीनें वर ओढली जाऊन माथ्यावरच्या पाण्यांत शिरली कीं पुन्हां होडी. अशा सहा उतरणी होत्या. पांच ठिकाणीं सांखळी ओढण्यास पाणचक्की असे. हॉबकॉटची उतरण सर्वांत मोठी, २२५ फूट चढाची. तेथें ग्रीननें तितक्याच खोल दोन विहिरी खणून त्यांत दोन प्रचंड बादल्या सोडल्या. वरच्या बादलींत पंधरा टन पाणी भरावयाचें. ती आपल्या भारानें खालीं जातांना होड्यांना वर ओढी. तळाशीं तिची झडप उघडून पाणी बोगद्यानें निघून जाई, आणि तोंवर वर आलेली दुसरी बादली भरावयास घ्यावयाची. मोटेला पाणी ओढतांना आपण पाहतों. येथें पाणीच मोट होऊन ओझें ओढीत होतें. सांखळ्या मात्र तुटत, म्हणून जोडीला एक वाफेचें यंत्र ठेवावें लागलें.

हेलब्रिजच्या पलीकडे मारमचर्चच्या उतरणीची खूण अजून दिसते: झाडींतून सरळ चढत गेलेला एक पट्टा. कोणी सांगितलें नाहीं तर त्याला गांवची जुनी पाऊलवाट समजून आपण पुढें जाऊं. मीं सौ.ना चाकांच्या होडीचें वर्णन ऐकविलें. त्या म्हणाल्या, “अहो, म्हणजे आपल्या गाडीचीच थोरली बहीण कीं!” मला हें आधीं सुचलें नाहीं, याचें थोडें वाईट वाटलें.

तेथून ब्यूडपर्यंतची दोन मैलांची वाट सपाट. ही मूळची घोड्यांची वाट. पाणी संथ, कडेला वेत आणि पिंवळीं रानफुलें, मधून मधून बदकें. मराठींत गोंगाटालाही आपण कालवा म्हणतों. येथें तो शब्द अगदीं बेपत्ता होता. या कालव्याचा ऱ्हास कशानें झाला हें निराळें सांगावयास नको. कृत्रिम खतें स्वस्त झालीं, १८७९ सालीं आगगाडी हॉल्सवर्दीस पोंचली, १८९१ सालीं बहुतेक कालवा सोडून देण्याचा कायदा झाला. खुद्द ब्यूडला आगगाडी १८९८ सालीं आली आणि १९६६ सालीं तीही गेली! आज रूळ नाहींत, आणि कालव्याचीं हीं दोन मैल तेवढीं पाणी धरून आहेत.

कालवा समुद्रास मिळतो तेथें एक मोठें लॉक आहे. त्याचीं दारें थेट अटलांटिकच्या तोंडावर उघडतात. उधाणाच्या भरतीला वीस फुटांहून अधिक पाणी चढतें, आणि ओहोटीस त्याच जागीं नुसती पुळण उरते. वाळू भरून आणण्यासाठीं पुळणीपासून कालव्यापर्यंत रूळ घातले होते. त्यांचा अवशेष धक्क्यावर पाहावयास मिळतो. मीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना औद्योगिक क्रांति शिकविली. तींत कोळसा, लोखंड, कापूस यांचीं प्रकरणें मीं कधीं टाकलीं नाहींत. वाळूचें नांवही घेतल्याचें आठवत नाहीं. बटाट्याच्या आणि ओटच्या शेतांतून ही क्रांति कशी गेली, याचा पत्ता मला चाकांच्या एका होडीनें दिला.

लॉकच्या बाजूला ‘कॅसल’ नांवाचें घर आहे. हा किल्ला नव्हे. गोल्डस्वर्दी गर्नी या कल्पक गृहस्थानें सुमारें १८३० सालीं बांधलेलें घर, आणि तेंही वाळूवर, काँक्रीटचा थर घालून. याच गर्नीनें १८२९ सालीं वाफेची गाडी लंडनहून बाथपर्यंत सडकेवरून नेऊन परत आणली होती. वाटेंत मेल्कशॅम येथें जमावानें तिच्यावर दगडफेक केली. तेव्हां घोड्याशिवाय चालणारी गाडी घेऊन या वाळूवरच्या घराशीं येणारे आम्ही कांहीं उपरे नव्हतों. त्या घरांत आतां वस्तुसंग्रहालय आहे. आम्ही आंत शिरलों तें खरें म्हणजे पावसाची सर आली म्हणून.

आंत एका फुटलेल्या गलबताच्या नाळेवरची लांकडी मूर्ति ठेवली आहे. गलबताचें नांव ‘बेंकूलन’. सुमात्रा बेटांतील ज्या ठाण्याचें हें नांव, तें कंपनी सरकारनें १८२४ च्या तहान्वयें डचांना दिलें. नांव मात्र गलबतावर राहिलें. हें गलबत १८६२ च्या ऑक्टोबरांत लिव्हरपूलहून निघालें होतें. जावयाचें होतें मुंबईस. सुवेझचा कालवा खुला होण्यास अद्याप सात वर्षें होतीं, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून. तारायंत्राच्या कामाचें सामान त्यावर होतें असें तेथें सांगतात. प्रवासाच्या आरंभींच वादळानें डोलकाठ्या गेल्या आणि २१ ऑक्टोबरला तें ब्यूडच्या पुळणीसमोर येऊन आदळलें. लोक किनाऱ्यावर उभे होते. माणसें नजरेंत येत होतीं. तरीही लाटांपुढें कोणाचा इलाज चालला नाहीं. तीसाहून अधिक खलाशांपैकीं सहा वांचले. जीवनरक्षक नौका असून तिचा उपयोग कां झाला नाहीं, यावर पुढें कडू वाद झाला. किनाऱ्यावर उभें राहून पाहणाऱ्यांना दोष देणें सोपें आहे. मी तो देणार नाहीं. मेलेल्यांना चर्चच्या आवारांत पुरलें आणि त्यांच्या थडग्यापाशीं ही मूर्ति बरींच वर्षें उभी होती.

सकाळीं फलकावरचें गांवाचें नांव रोमन अक्षरांत पाहून सौ.नीं तें ‘बुडे’ असें वाचलें होतें आणि आम्ही दोघेंही खळखळून हंसलों होतों. मूर्तीपुढें त्या विनोदाची आठवण कोणीं काढली नाहीं. सौ.चे वडील रत्नागिरीस तारमास्तर होते. तार आली म्हटलें कीं बायका आधीं डोळ्यांस पदर लावीत, मग ती वाचून घेत, अशा दिवसांतलें तें काम. रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या त्या कटकट आवाजांतून कोणाचें कोण गेलें, हें गांवांत प्रथम त्यांना कळे, आणि घरीं त्यांनीं तें कधीं उच्चारलें नाहीं. २०१३ च्या जुलै महिन्यांत आपल्याकडची तार कायमची बंद झाली. तें पाहावयास ते नव्हते. सौ. त्या लांकडी मूर्तीपुढें बराच वेळ उभ्या होत्या. “आपल्याकडे यावयाचे होते हे,” एवढेंच त्या म्हणाल्या. बाहेर पाऊस केव्हांच उघडला होता.

परतीची वाट कड्यावरून. प्रथम लागतो तो अष्टकोनी मनोरा. अथेन्सच्या वायुमंदिराच्या धर्तीवर तो १८३५ च्या सुमारास टॉमस अ‍ॅक्लंड यांनीं बांधविला. कडा ढासळूं लागला म्हणून १८८१ च्या सुमारास त्याला मागें नेला, आणि पुन्हां तीच वेळ आली तेव्हां २०२३ सालीं दगड सुटे करून आणखी आंत नेऊन बसविला. पुढची पायवाट कड्याच्या धारेनें जाते. चोरट्या दारू-तंबाखूवर नजर ठेवण्यासाठीं पहारेकऱ्यांना प्रत्येक घळींत डोकावावें लागे. त्यांच्या पावलांनीं ती पडली. नैर्ऋत्य किनाऱ्याची ६३० मैलांची प्रसिद्ध पायवाट या जकातीच्या पहाऱ्यांतून निघाली आहे. घळ आली कीं उतरा, पुन्हां चढा; माझ्या गुडघ्यांनीं त्या पहारेकऱ्यांची मनःपूर्वक आठवण काढली.

सायंकाळीं विडमथ गांठलें. पोहणारांची ही पुळण आणखी एका गोष्टीसाठीं जाणत्यांना ठाऊक आहे. अमेरिकेस जोडणाऱ्या समुद्रतारा येथें किनाऱ्यास लागतात. १९८८ सालची कांचतंतूंची पहिली अटलांटिक तार येथेंच आली. आणि २०११ सालीं सुरू झालेली ‘युरोप इंडिया गेटवे’ ही तार ब्यूडहून निघून जिब्राल्टर, मिसर, तांबडा समुद्र असा प्रवास करीत मुंबईस पोंचते. ‘बेंकूलन’ला जें साधलें नाहीं, तें समुद्राच्या तळानें साधलें. मीं हें सौ.ना सांगितलें. त्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं; गाडींत चहाचें आधण ठेवलें आणि त्या मूर्तीचें छायाचित्र डोंबिवलीस मुलीकडे पाठविलें. तें कोणत्या तारेनें गेलें कोण जाणे. आधणाला उकळी फुटण्यापूर्वी तिचा उलट प्रश्न आला: “आई, हें कोण?”