आपल्याच पाठीच्या कण्यातली अफू

अफूने दुखणं थांबतं हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. पण का थांबतं? १९७३ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या मेंदूतल्या पेशींवर अफूच्या औषधांसाठी खास कुलपं असतात. आता निसर्गाने ही कुलपं खसखशीच्या बोंडासाठी थोडीच बसवली असतील? म्हणजे किल्लीही शरीरातच असणार!

ती सापडली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून आलेले हान्स कोस्टरलिट्झ तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आणि तरुण सहकारी जॉन ह्यूज यांनी १९७५ मध्ये डुकरांच्या मेंदूतून दोन रेणू वेगळे केले. प्रत्येकात फक्त पाच अमिनो आम्लं. नाव दिलं एन्केफॅलिन.

हे रेणू मज्जारज्जूतही काम करतात. बोट भाजलं की निरोप आधी तिथे, कण्याच्या आत पोचतो. तिथल्या छोट्या चेतापेशी एन्केफॅलिन सोडतात. मग निरोप आणणाऱ्या तंतूच्या टोकात कॅल्शियम कमी शिरतं, पुढे रसायन कमी सुटतं आणि निरोप घेणारी पेशीही सहज पेटत नाही. मेंदूकडे जाणारी हाकच बारीक होते. १९७६ मध्ये याक्ष आणि रूडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूजवळ थेट मॉर्फिन दिलं, तर वेदना तिथेच दबली. तीन वर्षांत हाच उपाय कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत पोचला.

आता आपल्याकडे बघा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात औषधासाठी सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने कागदपत्रं आणि शिक्षेची धास्ती इतकी वाढली, की अनेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून परवान्यांची वाट सोपी केली. तरी धास्ती पुरती गेलेली नाही.

व्यसनाची भीती खोटी नाही, नियंत्रण हवंच. पण शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला "सोसा थोडं" म्हणणं हे नियंत्रण नव्हे. वेदना सोसण्याला आपण मोठेपणा चिकटवलाय. शरीराने मात्र ती कमी करायची सोय कण्यातच करून ठेवली आहे. ती अपुरी पडते तेव्हा बाहेरून मदत मागण्यात कसली लाज? तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फिन मिळतं का, एकदा विचारून बघा.