खपली पडली म्हणजे जखम बरी झाली असं नाही. वण आखडू नये म्हणून पुढचे काही महिने महत्त्वाचे

ऊसतोडीत लागलेला कोयता असो की चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर सांडलेलं असो, खपली पडली की बहुतेक घरांत जखमेचा विषय संपतो. पण कातडीच्या आत त्या जागेचं काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालू राहतं. या काळात दुर्लक्ष झालं तर हात, बोटं किंवा मान कायमची आखडू शकते.

वण म्हणजे नेमकं काय?
त्वचेचा फक्त वरचा पापुद्रा सोलवटला तर सहसा खूण राहत नाही. जखम खालच्या थरापर्यंत गेली की शरीर तिथे ठिगळ लावतं. हे ठिगळ कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचं असतं. मूळ त्वचेत हे धागे जाळीसारखे विणलेले असतात. वणात ते दाटीने, बरेचसे एकाच दिशेने बसतात. म्हणून वण कडक लागतो, नीट ताणला जात नाही. खोल वणावर केस उगवत नाहीत, घामही येत नाही. जुन्या वणाची ताकदसुद्धा मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जाते.

सांधा का आखडतो?
जखम भरताना काही पेशी तिच्या कडा आत ओढतात. लहान जखमेत हे फायद्याचं असतं. पण कोपर, काख, गुडघा, बोटं किंवा मानेवर खोल भाजलं असेल, तर तीच ओढ सांधा वाकवते. दुखतं म्हणून रुग्ण हात मुडपून ठेवतो आणि हात तसाच अडकतो. लहान मुलांना धोका जास्त, कारण मूल वाढतं पण वण त्या प्रमाणात वाढत नाही.

काय करावं?
• भाजल्याबरोबर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप लावू नये.
• सांध्यावर भाजलं असेल तर व्यायाम कधी सुरू करायचा, हे डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात विचारावं.
• रात्री सांधा सरळ ठेवणारी पट्टी, दाब देणारे घट्ट कपडे किंवा सिलिकॉन जेल सांगितलं असेल तर मध्येच सोडू नये.
• जखम पूर्ण मिटल्यावरच तेलाने हलकी मालिश करावी. नवा वण उन्हात झाकून ठेवावा.

सांधा आधीच आखडला असेल तर शस्त्रक्रियेने वण सोडवून तिथे त्वचा लावता येते. त्यानंतरही व्यायाम लागतोच.

वण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत गेला तर त्याला कीलॉइड म्हणतात. तो छाती, खांदा, कानाच्या पाळीवर जास्त दिसतो. नुसता कापला तर बहुतेक वेळा पुन्हा येतो, म्हणून घरगुती कापाकापी किंवा डागणं टाळावं.

आतले वण
हार्ट अटॅकनंतर हृदयावर, टीबीनंतर फुफ्फुसात, दारूमुळे यकृतात असेच वण तयार होतात. वणाचा भाग मूळ अवयवाचं काम करत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटू शकतात. वारंवार उलटी, पोटफुगी आणि शौच-वारा बंद झाल्यास लगेच दवाखाना गाठावा.

भाजल्याच्या जुन्या वणावर न भरणारी जखम झाली तरी तपासणी करून घ्यावी. क्वचित अशा जागी कर्करोग होतो.