पेण-रोह्यातील मुलांचा संचार आणि नागरिकत्वाची जडणघडण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आपल्या परिसरातील मुलांचा मुक्त संचार हा सामान्यतः केवळ खेळाचा विषय मानला जातो. वस्तुतः सार्वजनिक जागेशी व्यक्तीचा पहिला परिचय याच संचारातून होतो. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या परिचयाचा विचार केला आहे.

परंपरा :
पेणमध्ये गणेशमूर्तींचे कारखाने वस्तीतच असल्याने श्रमाचे व कलेचे दर्शन मुलांना येता-जाता घडते. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या मुलास आपल्या आळीपलीकडचे गाव समजते. गागोदे (ता. पेण) येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९५१ पासून भूदानासाठी पदयात्रा केली, तर रोहा येथे १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी भक्तिफेरीची प्रथा रुजविली. या कार्यांचे मूळ केवळ त्यांच्या बालपणात शोधणे धाडसाचे ठरेल. तथापि, लोकांच्या दारापर्यंत जाणे हा लोककार्याचा पाया आहे, हे दोहोंतून दिसते.

विषमता :
हा संचार सर्वांना सारखा उपलब्ध नव्हता. जातिभेदामुळे पाणवठा, देऊळ व शाळा अस्पृश्य मानलेल्या मुलांना बंद होती, तर मुलींवर उंबरठ्याचे बंधन होते. सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांना खुल्या करणारा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला. तरीही याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. म्हणजेच गावात निर्भयपणे वावरणे ही जुन्या काळाची देणगी नसून लढून मिळविलेला नागरी हक्क आहे.

वर्तमान :
आज या हक्कास वेगळा अडसर आहे. पेणजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो, तर रोह्यालगत धाटावची औद्योगिक वसाहत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. परंतु ते अंतर मुलास एकट्याने चालता येईल की नाही, हे वाहतुकीवर ठरते. वाहनातून शाळेपर्यंत पोहोचविलेल्या मुलास शाळा कळते, मधले गाव कळत नाही.

निष्कर्ष :
बालहक्क संहितेने (१९८९) मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घेण्याचे तत्त्व मांडले असून भारताने १९९२ मध्ये तिला मान्यता दिली. त्यास अनुसरून नगरपरिषदांनी व ग्रामसभांनी रस्ते आणि मैदाने यांचे नियोजन करताना मुलांचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. गाव न पाहिलेल्या मुलाकडून पुढे गावाच्या कारभारात सहभागाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.