उर्का प्रक्रियेची कुळकथा

रिओ दि जानेरो शहरातील उर्का या समुद्रकाठच्या वसाहतीत एक प्रख्यात जुगारगृह होते; तेथील रूलेटच्या मेजावर पैसा जितक्या त्वरेने नाहीसा होतो तितक्याच त्वरेने कोसळत्या ताऱ्याच्या गाभ्यातील ऊर्जा नाहीशी होत असली पाहिजे, असे ब्राझीलचे तरुण शास्त्रज्ञ मारिओ शेनबर्ग यांनी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांस सुचविले, आणि त्यावरून 'उर्का प्रक्रिया' हे नाव पडले, अशी हकीकत सांगितली जाते. १९४६ साली ब्राझील सरकारने जुगारास मनाई केली व ते जुगारगृह बंद पडले. नाव मात्र शास्त्राच्या दफ्तरी कायम राहिले.

या प्रक्रियेत प्रोटॉन इलेक्ट्रॉनास ग्रासून न्यूट्रॉन बनतो आणि न्यूट्रिनो सोडतो. न्यूट्रॉनाचा क्षय होऊन पुन्हा प्रोटॉन व इलेक्ट्रॉन निपजतात आणि या खेपेस प्रतिन्यूट्रिनो निसटतो. फेरा पुरा होतो तेव्हा द्रव्य पूर्ववत असते, उष्णता तेवढी वजा झालेली असते. गॅमॉव्ह व शेनबर्ग या दोघांनी १९४१ साली हा सिद्धांत विस्ताराने मांडला, तेव्हा १९३० साली पाउली यांनी केवळ तर्काने कल्पिलेला न्यूट्रिनो कोणाच्याही उपकरणात सापडलेला नव्हता. तो १९५६ साली सापडला. अदृष्ट कणावर ताऱ्याच्या अंताचा हवाला ठेवण्याचे हे धैर्य मला त्या नामकरणाहून थोर वाटते.

गाभा कोसळून बनलेल्या नवजात न्यूट्रॉन ताऱ्यात द्रव्य इतके घन असते की न्यूट्रिनोही त्यात अडकतात, ठेचकाळत बाहेर झिरपतात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलनी मेघातील अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो जपानच्या कामिओका येथील पाण्याच्या टाकीत आले, ते एकदम न येता सुमारे बारा सेकंदांच्या अवधीत आले, हा त्या कोंडीचा पुरावाच होय.

पुढे तारा निवतो व न्यूट्रिनोंस पारदर्शक होतो. पण मग उर्का प्रक्रियेच्या आड संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम येतो. प्रोटॉनांचे प्रमाण किमान सुमारे ११ टक्के नसेल, तर प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचे संवेग मिळूनही न्यूट्रॉनाच्या संवेगाची भरपाई होत नाही, आणि शेजारच्या एखाद्या कणाचे साहाय्य घेणारी, पुष्कळच मंद अशी 'सुधारित उर्का' तेवढी शिल्लक राहते. एखाद्या ताऱ्याच्या गाभ्यात ते प्रमाण किती, याचा निर्णय त्याच्या निवण्याच्या वेगावरून करण्याचा खटाटोप अद्याप चालूच आहे.