१९२१ : भारताची लोकसंख्या शेवटची घटली, त्या दशकाची गोष्ट

१/
पणजोबांच्या पिढीतील नावे आठवून पाहा : धोंडू, दगडू, भिकू, केरू. आधीची अपत्ये दगावली की पुढच्या मुलाला असे मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवण्याची रीत होती. दगडधोंड्याकडे मृत्यूचे लक्ष जाणार नाही, ही त्यामागची आशा. लोकसंख्येचा इतिहास जनगणनेच्या तक्त्यांइतकाच या नावांतही नोंदलेला आहे.

२/
समाज सुधारतो तेव्हा माणसे वाढतात की घटतात? दोन्ही घडते, परंतु क्रमाने. आधी मृत्यू कमी होतात, आणि जन्म कमी व्हायला एकदोन पिढ्या जातात. मधल्या काळात जी वाढ होते तिलाच आपण 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणतो. भारतात या क्रमाचा आरंभ एका वर्षाने दाखवता येतो : १९२१.

३/
आजच्या भारताच्या सीमांत १९११ साली सुमारे २५.२१ कोटी माणसे होती. १९२१ च्या जनगणनेत भरली २५.१३ कोटी. दहा वर्षांत देश वाढला तर नाहीच, आठ लाखांनी आक्रसला. त्यानंतरच्या एकाही जनगणनेत असे घडलेले नाही. म्हणून अभ्यासक १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात.

४/
जन्मांची वाण मुळीच नव्हती. त्या दशकात दरहजारी सुमारे ४८ जन्म होत होते. मृत्यूही जवळजवळ तितकेच. सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांचे. (याचा अर्थ लोक विशीत म्हातारे होत असा नव्हे. असंख्य बालमृत्यूंमुळे सरासरी खाली येई. पाच वर्षे काढलेले मूल पुढे बरेच जगत असे.)

५/
प्लेग १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्रकटला आणि पुढची दोन दशके मुक्कामी राहिला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. याच काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळही पडले.

६/
मात्र १९२१ च्या आकड्यामागे मुख्यतः १९१८ चा इन्फ्लुएंझा आहे. जूनमध्ये तो मुंबईत आला आणि शरद ऋतूतील दुसऱ्या लाटेत खेडोपाडी पोचला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धामुळे धान्य महागले होते. भारतातील बळींचे अंदाज १.२ ते २ कोटींपर्यंत जातात. मेले ते प्रामुख्याने तरुण, वीस ते चाळीस वयाचे. त्यांतही स्त्रिया अधिक. त्यामुळे १९१९ साली जन्मांची संख्याही कोसळली. जिथे आईच उरली नव्हती तिथे पाळणा कुठून हलणार?

७/
आता पुढचे पाहा. १९५१ साली लोकसंख्या ३६.१ कोटी, म्हणजे तीस वर्षांत अकरा कोटींची भर. 'लोकांनी फार मुले जन्माला घातली' हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण, आणि ते चुकीचे आहे. दरहजारी जन्म ४८ वरून ४० च्या आसपास उतरले होते. मृत्यू मात्र २७ वर आले होते. माणसे वाढली ती जगली म्हणून.

८/
मृत्यू का घटले? प्लेग ओसरला. १८८३ पासूनच्या दुष्काळसंहितेमुळे आणि रेल्वेमुळे टंचाईच्या प्रदेशात धान्य व रोजगार पोचवणे शक्य झाले. अर्थात शक्य असणे आणि करणे यांत अंतर असते : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली, रेल्वे असूनही. स्वातंत्र्यानंतर खरा वेग आला. १९४७ च्या सुमारास हिवतापाने वर्षाला अंदाजे आठ लाख माणसे मरत. १९५३ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर डीडीटीच्या फवारणीने पंधरा वर्षांच्या आत हे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले.

९/
मग जन्म तितक्याच झपाट्याने का घटले नाहीत? फवारणी सरकार करू शकते. किती मुले हवीत हे घर ठरवते, आणि घराला जुना अनुभव आठवत असतो. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेले. अशा घरांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या आठवणीतून 'दोन पुरेत' हा निष्कर्ष निघणे अशक्यच होते.

१०/
इथे एक विलक्षण योगायोग. ज्या १९२१ साली जनगणनेने घट नोंदवली, त्याच साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. कर्व्यांना गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले सोसावे लागले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचा आग्रह देशाच्या आकड्यांपेक्षा स्त्रीच्या शरीराविषयी अधिक होता, आणि माझ्या मते म्हणूनच तो आजही ताजा वाटतो.

११/
१९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो फेटाळला गेला.

१२/
मूल कमी होण्यासाठी आधी कारखाने हवेत, संपत्ती हवी, असेही नाही. फ्रान्सच्या खेड्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीसच जन्मदर उतरू लागला. औद्योगिक क्रांतीच्या माहेरघरी, इंग्लंडमध्ये, त्याला १८७० चे दशक उजाडले. आपल्याकडे केरळ पाहा. राज्य श्रीमंत नव्हते, पण मुली शिकत होत्या, लग्ने उशिरा होत होती, बालके जगत होती. १९८८ च्या सुमारास तिथे दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले, म्हणजे पिढी भरून निघेल इतकीच, असे प्रमाण आले.

१३/
माल्थसने १७९८ मध्ये उलट भीती घातली होती : अन्न वाढले की माणसे त्याहून वेगाने वाढतील. पुढे हेलीबरीच्या महाविद्यालयात ईस्ट इंडिया कंपनीचे भावी अधिकारी त्याच्याच हाताखाली शिकले. जिथे मुलांचे जगणे निश्चित झाले आणि स्त्रीला निर्णयाचा अधिकार मिळाला, तिथे मात्र भरल्या घरात पाळणे कमी हलले.

१४/
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ साली भारतात दर स्त्रीमागे ३.४ मुले होती. २०१९-२१ मध्ये २.०. महाराष्ट्रात १.७. तरीही देशाची संख्या लगेच उतरत नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतील मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. त्यांच्या मुलांची नावे आता वर्ष-वर्ष आधी शोधून, अर्थ पाहून ठेवली जातात. दगडू कोणी ठेवत नाही.