मुलगा कॉन्व्हेंटला आहे

वडनेर, हिंगणघाट, वर्धा या पट्ट्यात ‘मुलगा कॉन्व्हेंटला आहे’ असं कुणी म्हणालं, की पोर केजी वन नाहीतर केजी टूमध्ये असणार हे ऐकणाऱ्याला कळतं. त्या शाळेत एकही सिस्टर नसली तरी चालतं. इंग्रजी माध्यमामुळे हे नाव पडलं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नुसत्या माध्यमावरून नाव पडलं असतं, तर इंग्रजीतून दहावी करणाऱ्यालाही ते तसंच लागलं असतं. विदर्भात या शब्दाला वय चिकटलं आहे, आणि उलगडायचं ते हेच.

मुळातल्या लॅटिन शब्दात ना शाळा आहे, ना बाई. ‘एकत्र जमणं’ एवढाच त्याचा अर्थ. लंडनचं कोव्हेंट गार्डन ही वेस्टमिन्स्टरच्या पुरुष संन्याशांची बाग होती. जुन्या गोव्यातलं सांता मोनिका हे मात्र खरोखर नन्सचं. आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 मध्ये ते स्थापन केलं. तिथल्या नन्स बंदिस्त राहत. 1563 च्या ट्रेंट परिषदेनं व्रतस्थ स्त्रियांना मठाबाहेर पाऊल टाकायला मनाई केली होती. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात अनौरस मुलांचं अनाथालय, ही हल्ली फिरणारी व्युत्पत्ती इथेच कोसळते. कारण निराधार मुलींसाठी मेनेझिस यांच्याच काळात गोव्यात वेगळं घर निघालं आणि त्याला ‘रेकोल्हिमेंतु’ म्हणत. दोन संस्था, दोन नावं. तरी या अफवेला एक खरा धागा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर क्लोदीन थेवने यांनी ल्योंमध्ये अनाथ मुलींना आसरा देत काम सुरू केलं. त्यातून 1818 मध्ये जीझस अँड मेरी हा संघ उभा राहिला. अनाथांचा सांभाळ हे सिस्टरांचं काम होतं. कामाला व्युत्पत्ती मानलं, तिथे घोटाळा झाला.

याच संघाच्या सिस्टर 1842 मध्ये आग्र्याला पोचल्या. कोलकात्यात लोरेटो संघाच्या सिस्टर नुकत्याच आल्या होत्या. पुढे मुंबई, पुणे, नागपूर अशी कॉन्व्हेंटं झाली. सिस्टर राहत तिथेच शिकवत, म्हणून राहण्याच्या जागेचं नाव शाळेला लागलं. वयाचा अर्थ कुठून आला, याबद्दल माझा तर्क असा : या शाळा मुलींच्या, पण अनेक ठिकाणी लहान मुलग्यांनाही खालच्या वर्गांपुरता प्रवेश असे, नंतर ते मुलांच्या शाळेत जात. मुलीसाठी कॉन्व्हेंट म्हणजे अख्खी शाळा, मुलग्यासाठी फक्त पहिली दोन-चार वर्षं. घरोघरी मुलग्याच्या शिक्षणाचीच चर्चा जास्त, तेव्हा त्याचाच अर्थ रुजला असावा. मग पुण्या-मुंबईत तो का रुजला नाही? तिथे सिस्टरांच्या शाळा डोळ्यांसमोर होत्या, त्यामुळे शब्द त्यांच्यापासून सुटला नाही. खेड्यात तो नुसता पाटीवरून पोचला आणि ज्या पहिल्या वर्गांवर ती पाटी लागली, त्यांचाच झाला. म्हणूनच आज मराठी शाळेला जोडून केजीचे वर्ग काढले, तरी विदर्भात त्यांना बिनदिक्कत कॉन्व्हेंट म्हणतात.