भ्रमणध्वनीची प्रारण-कवचे : एक ऐतिहासिक परामर्श

‘कवच’ ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ रूढ आहेत. योद्ध्याच्या अंगावरील चिलखत हा एक. संकटनिवारणार्थ म्हणावयाचे स्तोत्र किंवा गळ्यात बांधावयाचा मंत्रयुक्त ताईत हा दुसरा. पहिल्या कवचाची परीक्षा शस्त्राघाताने होते. दुसऱ्याची परीक्षा करावी असे ते धारण करणाऱ्यास वाटतच नाही. भ्रमणध्वनीपासून निघणाऱ्या प्रारणाचे निवारण करण्याच्या हेतूने जी कवचे आजवर विकली गेली, त्यांचा इतिहास म्हणजे पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास होय. हा प्रवास कसा झाला आणि ही कवचे वापरणाऱ्याचे खरोखर रक्षण करतात काय, ह्या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

ज्या तत्त्वाचा आधार ह्या कवचांसाठी सांगितला जातो, ते तत्त्व निर्विवाद आहे. १८३६ मध्ये मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रत्येक बाजूस १२ फूट लांबीचा एक चौरस पिंजरा उभारून त्यास धातूचे वेष्टन दिले. बाहेर विजेच्या ठिणग्या उडत असता तो स्वतः आत बसला, आणि आतील भागात विद्युत्प्रभाव जाणवत नाही हे त्याने दाखवून दिले. पुढे १८८७-८८ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झ याच्या प्रयोगांनी विद्युत्चुंबकीय तरंग धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात हेही सिद्ध झाले. मात्र ह्या निवारणास एक अट आहे. वेष्टन सर्व बाजूंनी बंद असले पाहिजे, आणि त्यातील छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असली पाहिजेत. सूक्ष्मतरंग भट्टीच्या दारातील जाळी हे काम चोख करते. कारण भट्टीतील तरंग बाहेर जाण्याची मुळी आवश्यकताच नसते. भ्रमणध्वनीची गोष्ट नेमकी उलट आहे. तरंग बाहेर जाणे हेच त्याचे प्रयोजन होय. पुढील सर्व वादाचे मूळ ह्या भेदात आहे.

हातात धरावयाचा भ्रमणध्वनी अमेरिकेत १९८३ मध्ये विक्रीस आला. तरंगांचे प्रेषण करणारे यंत्र सामान्य मनुष्याने स्वतःच्या मस्तकास लावून धरावे, असा प्रसंग व्यापक प्रमाणावर प्रथमच उद्भवला होता. त्यातून शंका उत्पन्न होणे स्वाभाविक होते. ह्या शंकेस भीतीचे रूप आले ते जानेवारी १९९३ मध्ये. फ्लॉरिडातील एका गृहस्थाने आपल्या पत्नीचा मेंदूतील अर्बुदाने झालेला मृत्यू भ्रमणध्वनीमुळे ओढवला, असा आरोप लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात केला. दूरध्वनी-कंपन्यांच्या समभागांचे भाव त्यानंतर घसरले. ह्या गृहस्थाचा दावा १९९५ मध्ये न्यायालयाने फेटाळला. परंतु लोकांच्या मनातील भीती निकालपत्राने निघून जात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा १ ग्रॅम ऊतकाच्या सरासरीवर प्रतिकिलोग्रॅम १.६ वॅट अशी ठरविली. मर्यादा ठरली म्हणजे धोका आहेच, असा अर्थ काहींनी काढला, आणि ह्या अर्थावर एक नवा व्यापार उभा राहिला.

ह्या व्यापारातील प्रारंभीची कवचे म्हणजे कानाजवळील भागावर चिकटवावयाच्या, धातुमिश्रित कापडाच्या लहानशा चकत्या होत. ब्रिटनमध्ये सर विल्यम स्ट्यूअर्ट यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने मे २००० च्या अहवालात अशा साधनांची स्वतंत्र परीक्षा व्हावी, अशी शिफारस केली. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फ्लॉरिडा व कॅलिफोर्नियातील दोन विक्रेत्यांवर कारवाई सुरू केली. आपली कवचे ९७ किंवा ९९ टक्क्यांपर्यंत प्रारण अडवितात, असे ह्या विक्रेत्यांच्या जाहिराती सांगत. आयोगाचे म्हणणे असे की, प्रारण केवळ कानाजवळील छिद्रातून येत नाही, संपूर्ण यंत्रातून येते. म्हणून एवढाच भाग झाकण्याचा उपयोग नाही. येथे एक तर्कदोष ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रेषक व ग्राही यांच्यामध्ये धातुमिश्रित कापड ताणून धरले, तर ते ९९ टक्के तरंग अडवू शकेल. परंतु हा गुण कापडाचा झाला, कवचाचा नव्हे. वाड्याच्या एका झरोक्यास भक्कम लोखंडी झडप बसविली आणि दिंडीदरवाजा सताड उघडा ठेवला, तर झडपेच्या मजबुतीने वाडा सुरक्षित होत नाही.

मग कवच मोठे करून संपूर्ण यंत्र झाकले तर? येथे दुसरी अडचण उभी राहते. जीएसएम पद्धतीचा ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणारा भ्रमणध्वनी आपली कमाल प्रेषणशक्ती सुमारे ३ मिलिवॅटपासून २ वॅटपर्यंत पायरीपायरीने बदलू शकतो. किती शक्ती वापरावी हे मनोऱ्याकडून येणाऱ्या आज्ञेने ठरते. संदेश क्षीण पोहोचू लागला की मनोरा अधिक शक्तीची आज्ञा देतो. कवचाने दहापैकी नऊ भाग अडविले, तर शक्तीला वाव असेल तोवर यंत्र दसपट जोर करून ती तूट भरून काढते. वाव नसेल तेथे संभाषण तुटते. तात्पर्य, जे कवच काहीच अडवीत नाही ते निरुपयोगी. आणि जे सर्व बाजूंनी अडविते ते एकतर यंत्रास अधिक प्रारण करावयास लावते, अथवा निकामी करते. केवळ मस्तकाकडील बाजूस धातूचा पडदा असलेली वेष्टने ह्या पेचातून अंशतः सुटतात; परंतु यंत्र कसे धरले, अँटेना कोठे आहे आणि पडदा उलटून मागे तर गेला नाही ना, ह्यांवर त्यांचे फळ अवलंबून राहते. २००३ मध्ये ‘बायोइलेक्ट्रोमॅग्नेटिक्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मापनातही लहान कवचांमुळे मस्तकातील शोषणात लक्षणीय घट होत नसल्याचे आढळले.

चिलखताचा दावा अशा रीतीने मापनापुढे टिकेना, तेव्हा कवचाने ताइताचे रूप घेतले. आता प्रारण अडविले जाते असे न सांगता ते ‘निष्प्रभ’ होते किंवा त्याचा ‘समतोल’ साधला जातो, असे सांगण्यात येऊ लागले. असा दावा मोजताच येत नसल्याने तो खोटा पाडणेही दुष्कर. मे २००० नंतर वीस वर्षांनी, मे २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये ३०० पौंडांहून अधिक किमतीस विकले जाणारे एक ‘जैवकवच’ उघडून पाहता ते १२८ मेगाबाइटचे साधे स्मृतिसाधन निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतात राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी गोमयापासून बनविलेली चकती भ्रमणध्वनीचे प्रारण कमी करते असे जाहीर केले, तेव्हा शेकडो वैज्ञानिकांनी त्यासाठी पुराव्याची मागणी केली. सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र नेदरलँड्समधील आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अणुसुरक्षा-प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंविषयी सावधगिरीची सूचना दिली. पाचव्या पिढीच्या तरंगांपासून रक्षण म्हणून विकल्या गेलेल्या ह्या हारांतून व निद्रापट्ट्यांतून स्वतःच आयनकारी प्रारण बाहेर पडत होते.

ह्या शेवटच्या घटनेचे मर्म समजण्यासाठी प्रारणाचे दोन प्रकार वेगळे करणे अवश्य आहे. अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्यास साधारणतः १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. ९०० मेगाहर्ट्‌झच्या तरंगातील एका फोटॉनची ऊर्जा ह्याच्या वीस लक्षांशाहूनही कमी असते. त्यामुळे भ्रमणध्वनीचे तरंग ऊतकांस किंचित उष्णता देऊ शकतात. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडीत नाहीत. अन्य काही परिणाम संभवतो काय, ह्याचा शोध सोडून दिला गेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये हे तरंग ‘कदाचित कर्करोगकारक’ ह्या वर्गात घातले. मर्यादित पुराव्यामुळे हा सावध निर्णय होता. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने झालेल्या विस्तृत समीक्षणात भ्रमणध्वनीचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारताने १.६ वॅटची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली आहे.

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्यास आपल्यावरील प्रारण कमी करावयाचे आहे त्यास कवच विकत घेण्याची गरज नाही. यंत्र मस्तकापासून दूर धरणे, कर्णसाधन वापरणे, संदेश क्षीण असेल तेथे लांबलचक संभाषण टाळणे, हे उपाय विनामूल्य असून त्यांचा परिणाम मोजता येतो. अंतर वाढले की प्रारणाची तीव्रता झपाट्याने घटते, ह्या नियमास कोणाच्या प्रमाणपत्राची अपेक्षा नाही. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. ह्या कवचांचा व्यापार निव्वळ अज्ञानावर चाललेला नाही. तो एका रास्त शंकेवर चालला आहे. आपल्या लेकराच्या कानाशी असलेले यंत्र निर्धोक आहे काय, असे विचारणाऱ्या मातेस भोळी म्हणून हसण्यात अर्थ नाही. तिच्या प्रश्नास मापनाने व सुबोध भाषेत उत्तर देणे हे विद्वत्संस्थांचे काम होय. ते जेथे वेळेवर झाले नाही, तेथे ताईत विकणाऱ्याने ती जागा घेतली, असेच हा इतिहास सांगतो.